लोकांची भांडी

४ जानेवारी, रवि.
सुमनचं तेरावं झालं. प्रिया आणि जावई संध्याकाळी वाकडला गेले. पोरीचं दारात परत परत तेच. माझ्याकडं चला, लिफ्ट आहे, खाली बाग आहे, इथं निघोज्यात आता कोण आहे तुमचं? म्हटलं, बघू. गाडी वळेपर्यंत उभा होतो. आत येऊन चहा टाकला. सवयीनं दोन कप.

५ जाने.
आजपासून शिफ्ट. घरी आलो तर ओटा लोकांच्या भांड्यांनी भरलेला. कडू घासापासून तेराव्यापर्यंत गल्लीनं ह्या घरात गॅस पेटू दिला नाही. पिठलं, भाकरी, कढी, कुणी नुसतं ताक. ती गेली त्या दिवशी काय खाल्लं आठवत नाही. कुणीतरी शेजारी बसून खायला लावलं, एवढं आठवतं.
सगळी घासून ठेवली. बुडाला नावं कोरलेली आहेत. उद्या देऊन टाकू.

६ जाने.
नाही दिली. भांडं रिकामं परत करायचं नाही, ही सुमनची शिस्त. निदान चिमूटभर साखर तरी घालायची. पण दुःखाच्या घरातून साखर पाठवावी का? कुणाला विचारू? असलं सगळं तिलाच माहीत.
खरं कारण ते नाही. इथं तरी खरं लिहावं. आपलं भांडं न्यायला कुणीतरी येईल. दोन मिनिटं टेकेल. चहा घेता का, असं विचारता येईल.

८ जाने., गुरु.
कंपनीला सुट्टी. दिवसभर दार उघडं. कुणी नाही.
दुपारी मंदावहिनी दारावरून चालल्या होत्या. गावच्याच, ह्या खोल्यांच्या मालकीण, पलीकडं राहतात. मुद्दाम हाक मारली, वहिनी, तुमचं पातेलं आहे माझ्याकडं. म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या की भाऊजी, आमाला काय घाई न्हाई." आणि गेल्या.
घ्या. ज्याच्या घरी माणूस गेलंय त्याच्याकडं भांडं मागायला कोण येणार? एवढंही सुचलं नाही मला.

१४ जाने.
संक्रांत. आपल्याला वर्षभर सण नाही. गल्लीतली पोरं तिळगूळ वाटत हिंडत होती. आपलं दार आलं की गप्प व्हायची, पुढं जाऊन परत दंगा. आयांनी शिकवून पाठवलेली. बरोबरच आहे. पण फार लागलं.
दिवेलागणीला राणी आली. दोन खोल्या सोडून राहते, जालन्याकडची. नवरा गणेश आमच्याच कंपनीत, ठेकेदाराकडं. गुळाची पोळी आणली होती, कागदात गुंडाळून. काका, तुम्हाला सण नाही, आम्हाला आहे ना, म्हणाली. बसली नाही, गॅसवर तवा होता तिचा.
ताटलीत आणली असती तर ताटली ठेवून घेतली असती. खाता खाता रडू आलं. पोळी चांगली होती.

२१ जाने.
जेवणाच्या सुट्टीत गणेश दिसला. ठेकेदाराच्या पोरांना कँटीन नाही, घरून आणतात. चपात्या पेपरात, भाजी प्लास्टिकच्या पिशवीत. गाठ दातानं सोडत होता. म्हटलं, डबा कुठाय रे? "आहे की काका. घरी आहे." पोराला खोटंही नीट बोलता येत नाही.
सुतकात राणीनं जेवण आणलेला त्याचा तीन कप्प्यांचा डबा माझ्या ओट्यावर. तेव्हापासून हा पिशवीतनं खातोय आणि नवरा-बायकोनं तोंडातून शब्द काढला नाही. आणि मी शहाणा, माणसं यावीत म्हणून त्यांची भांडी अडकवून बसलोय. जेवण गेलं नाही.

२२ जाने., गुरु.
आज भांडी द्यायचीच. रिकामी नाहीत. गोड नको, मग तिखट. शेंगदाण्याची चटणी. पहिला घाणा करपला. दुसरा सुमनच्या खलबत्त्यात कुटायला घेतला. ठोकण्याचा आवाज भिंतीपलीकडं गेला असणार. मंदावहिनी दारात. "भाऊजी, मीठ घातलं का?" नव्हतं घातलं. बत्ता हातातनं काढून घेतला आणि तिथंच बसल्या.
चहा घेतला त्यांनी. मागं त्यांची सून आजारी होती तेव्हा सुमन रोज जाऊन भाकरी टाकून द्यायची म्हणे. "तुमाला ठावं न्हाई?" नव्हतं. मी शिफ्टला असणार.
आभार मानायचे ठरवलं होतं. शब्द जुळवून ठेवले होते. तोंडातून निघालं, साखर बेताची आहे ना?

२३ जाने.
पहिला डबा राणीचा दिला. तिन्ही कप्प्यांत चटणी. बाई हसायला लागली, काका, महिनाभर पुरेल. मग गल्लीभर फिरलो. प्रत्येक दारात, बसा की. दोन ठिकाणी बसलो. ह्या लोकांनी मला जगवलं. तोंडानं सांगता येत नाही, म्हणून इथं लिहितो.
शेवटी मंदावहिनी. एवढ्या मोठ्या पातेल्यात चटणी दिसेना, म्हणून ती सुमनच्या डब्यात भरून नेली. झाकणावर तिचं नाव आहे, माहेरचा डबा. वहिनी लगेच ओतून परत देत होत्या. म्हटलं, "राहू द्या वहिनी, मला काय घाई नाही."
त्यांनी माझ्याकडं जरा बघितलं. ठेवून घेतला.
घरी आलो. ओटा मोकळा. घर त्याहून मोकळं.

२९ जाने., गुरु.
प्रियाचा फोन. बाबा, कधी येताय? सामान बांधायला येऊ का? म्हटलं, एक डबा यायचा राहिलाय. कसला डबा? तुझ्या आईचा, मंदावहिनींकडं आहे. तो आल्याशिवाय कसं निघू?  मग प्रिया म्हणाली, बरं.
डबा अजून आलेला नाही. चहाची साखर आणून ठेवलीय. दार उघडंच आहे.