उपासाचं दळण

माय, गिरणी चालू आहे. सगळ्यात आधी हेच सांगतो, कारण तू असतीस तर उंबऱ्यातून आत पाय टाकायच्या आधी हेच विचारलं असतंस. सुनेची तब्येत, नातीचं शिक्षण, माझी शुगर हे सगळं त्याच्यानंतर. मोटर बदलली, दगड बदलले, पत्रे जाऊन स्लॅब आला. तुझा कोपरा तेवढा तसाच आहे, वजनकाट्यामागचा, जिथं पदर नाकावर ओढून तू दिवसभर बसायचीस आणि संध्याकाळी उठायचीस तेव्हा भुवया पांढऱ्याफेक झालेल्या असायच्या. लहानपणी मला वाटायचं, माय रोज संध्याकाळी म्हातारी होते आणि तोंड धुतलं की पुन्हा तरणी. आता माझ्या भुवया पांढऱ्या होतात. धुतल्या तरी त्यातल्या बऱ्याच तशाच राहतात.

पन्नाशीला टेकलेला माणूस मेलेल्या आईला पत्र लिहितो म्हणजे त्याला जिवंत माणसांत बोलायला कुणी उरलं नसेल, असं लोक म्हणतील. लोक बरोबर म्हणतील. एरवी मी फळ्यावर बोलायचो. लाईटच्या वेळा लिहायला तू बाहेर टांगायला लावलेला तो काळा फळा. वेळा आता मोबाइलवर येतात आणि पुढाऱ्याच्या शब्दाइतक्याच खऱ्या असतात, म्हणून फळा मोकळा झाला आणि मला सापडला. ‘रस्त्याचं उद्घाटन झालं आहे. रस्ता सापडल्यास गिरणीत आणून द्यावा.’ ‘आज वीज नक्की येणार असं साहेब म्हणाले आहेत, तरी कुणी डबे आणू नयेत.’ लोक सायकल थांबवून वाचायचे, हसायचे, फोटो काढून एकमेकांना पाठवायचे. मोटर जळालेली असो, पट्टा तुटलेला असो, दुष्काळात गावातलं निम्मं दळण उसाच्या फडावर गेलेलं असो, एक ओळ बरी जमली की माझा दिवस निघायचा. आणि दुसरं सुख ऊन पिठाचं. हिवाळ्यात सकाळी पहिली बाजरी पडायला लागली की कापडी नळीखाली तळहात धरायचा. तू हातावर फटका मारायचीस. “काढ हात. लोकाचं हाय त्ये.” फटका खाऊन हात काढायचा, पण तेवढ्यात ऊब लागून गेलेली असायची.

तुझी डब्यांची रांग मी मोडू दिली नाही, हेही सांगून टाकतो. माणसानं उभं राहायचं नाही, डबा ठेवून कामाला जायचं, डबा आपल्या नंबरानं पुढं सरकणार. अजून दिसतं, पुढाऱ्याच्या घरचा गडी त्यांचा पितळी डबा सगळ्यांच्या पुढं आणून ठेवतो आहे, तू उठतेस, तो डबा उचलून शेवटी नेऊन ठेवतेस. गडी म्हणतो, “कुणाचा हाय माहीत हाय का?” तू म्हणतेस, “डब्याला मिशा नसत्यात.” पुढं कित्येक वर्षं त्या पुढाऱ्याला गावानं ‘मिशांचा डबा’ म्हटलं, आणि तो निवडून येतच राहिला, ते सोड.

वरच्या गल्लीतली तुझी ती मैत्रीण आठवते ना? मैत्रीण म्हणायचं, पण आयुष्यभर तुम्ही दोघी फक्त भांडलात. पीठ हातात घेऊन ती चिमटीत चोळायची, डबा हलवायची आणि म्हणायची, “कमी आलं.” तू म्हणायचीस, “पुढच्याचं तुझ्यात आलं, तुझं मागच्यात जाईल. गिरणीत थोडं राहतंच. कुणाला रडायचंय त्यांनी तिघांनी मिळून रडा.” खरंच होतं ते. दगडांच्या फटीत, झाकणाच्या कडेला पसाभर पीठ राहतं आणि ते नंतरच्या डब्यात जातं. या गावात कुणीच निव्वळ स्वतःची भाकरी खाल्लेली नाही. तू गेल्यावर म्हातारी माझ्याशी भांडायला लागली. “तुझी माय बरी व्हती, पसाभर चोरायची. तू ओंजळभर चोरतूस.” मी म्हणायचो, “मावशी, महागाई लई वाढलीय.” ती तोंडाला पदर लावून हसायची आणि डबा माझ्याकडून डोक्यावर चढवून घ्यायची. धंद्यात वाईट दिवस आले की मी तिच्या डब्याची वाट बघायचो. चोर म्हणणारं माणूस रोज येतं म्हणजे आपलं बरं चाललंय, असा माझा हिशोब होता.

गिरणी पुसायची ती फक्त एकादशीच्या आदल्या दिवशी. तू मोटर बंद करायचीस, झाकण काढायचीस, ब्रशनं दगड झाडायचीस, कोरड्या फडक्यानं पुसायचीस, पहिली मूठभर भगर दळून चिमण्यांना टाकायचीस, मग उपासाचं दळण. एकदा एका मास्तरीणबाईंनी रोजच्या गव्हासाठी तसंच पुसून मागितलं. “कुणाकुणाचं येतं हो त्यात,” असं त्या नाक मुरडून म्हणाल्या. तू विचारलंस, “घरी जातं हाय का? न्हाई? मग समद्यांचं खावा.”

आता इथून पुढचं सांगायला मला जड जातंय. मागच्या निवडणुकीनंतर गाव फाटलं. कोण विरुद्ध कोण ते लिहीत नाही, तुला माहीत आहे, आणि तू असतानाही ते होतंच. पण तेव्हा ते लग्नात आणि मसणात दिसायचं, दुकानात दिसत नव्हतं. मोबाइलवर मेसेज फिरले, आपल्या माणसानं आपल्याच माणसाकडून घ्यायचं. आठवडाभरात कटिंगचं दुकान वाटलं गेलं, किराणा वाटला गेला, चौकातल्या एका हॉटेलची दोन झाली आणि दोन्हीकडचा चहा पाणचट. वरच्या गल्लीतले डबे यायचे थांबले. त्यांच्या पुढाऱ्यानं बायांना घरघंट्या, म्हणजे घरात दळायची छोटी मशिनं वाटली, ज्यांना मिळाल्या नाहीत ते मोटरसायकलवर डबे बांधून दिंद्रुडच्या गिरणीच्या रस्त्याला लागले. ज्या पोरांना मी पिठाच्या पोत्यांवर गाठोड्यासारखं झोपलेलं बघितलं, ती पोरं गिरणीवरून जाताना मान वळवून हॉर्न वाजवायची. रांग निम्मी झाली. दुपारी गिरणी बंद करून मी छिन्नी-हातोडी घेऊन दगडांना टाकी लावत बसायचो, गरज नसताना, नुसता आवाज व्हावा म्हणून.

मग आपला थोरला आला, तुझ्या दिराचा मुलगा. हल्ली तो समाजाचं काम करतो, म्हणजे पांढरी कापडं घालतो. पोत्यावर बसला आणि म्हणाला, “काय बे, गिरणी तुझी हाय का समाजाची?”

“सध्या कुणाचीच न्हाई दादा. लाईट गेलीय.”

“लई शानपणा नको. त्यांनी तुला सोडलं, का न्हाई? मग आपल्या तिन्ही वस्त्यांचं दळण मी तुझ्याकडं वळवतो. आमी बोर्ड आणतो. ‘आपली गिरणी’. वर आपला फोटू. तू नुस्ता खिळा ठोकू दे.”

“आधी कुणाची होती?”

त्याला ते आवडलं नाही. “कावून आडमुठेपणा करायलास? बाजाराच्या दिवसापस्तोर सांग. न्हाईतर आपलेबी डबे दिंद्रुडला जातील, मग बस फळ्यावर लिहीत.”

तुझी सून चुलीपुढं बसून सगळं ऐकत होती. गॅस आहे, पण भाकरी ती चुलीवरच करते, तुझी खोड. तो गेल्यावर म्हणाली, “लावा की बोर्ड. बोर्ड काय पीठ खातंय?” मग ती हळूच म्हणाली, “त्ये गेलेच. आता आपलेबी तुटले तर दोन्हीकडून गेलो. पोरीचं नर्सिंगचं शेवटचं वरीस हाय.” तव्यावरची भाकरी तिनं उलटली. माय, ती चूक नव्हती. गावातली एकच गिरणी दोन्ही बाजूंनी बंद पडली तर तिला शहाणी गिरणी म्हणून कुणी हार घालणार नाही, भंगारवाला तेवढा येईल.

बाजाराच्या दिवशी सकाळी मी शटर वर केलं तर मागच्या बोळातून म्हातारी येताना दिसली. देवळाला वळसा घालून, डोक्यावर डबा, डब्यावर पदर. कित्येक दिवसांनी. मी म्हटलं, “मावशी, तुमच्याकडं तर घरघंटी आली.”

“आलीय की. सून फिरवती. गुळगुळीत पीठ निघतंय.” डबा खाली ठेवून तिनं दम घेतला. “पर त्या मशिनीशी भांडता येत न्हाई बाबा.”

मी हसलो. खरं सांगतो, त्या महिन्यात पहिल्यांदा हसलो. तिची ज्वारी ओतली, पट्टा चढवला, आणि ती तुझ्या कोपऱ्यात जाऊन बसली. पीठ पडत होतं, ती बोलत होती. सुना, गुडघे, मेलेली माणसं. दळण झालं. तिनं पीठ चिमटीत घेतलं, डबा हलवला, तोंड उघडलं आणि ती काय म्हणणार ते मला माहीत होतं. तेवढ्यात थोरला आला. स्वतः, हातात डबा. त्यानं तिच्याकडं बघितलं नाही. डबा माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाला, “उपासाचं हाय.”

मी झाकण उघडून बघितलं. ज्वारी होती.

“दादा, ज्वारीचा उपास कुठला?”

“उपासाचं समज. उपासाला पुसतूस न्हवं? तसं पूस.”

“एकादशी लांब आहे.”

“मला शिकवू नको. ह्यांच्यावर आमचं पडायला नको. पुसतूस का नेऊ?”

बाहेर आपल्या बाजूचे दोघंतिघं डबे घेऊन थांबले होते. ते पुढं येत नव्हते आणि जातही नव्हते. थोरल्याचा डबा गिरणीत पडतो का परत जातो, तेवढंच बघत होते. मला एखादं वाक्य सुचायला हवं होतं, माय. फळ्यावर रोज सुचायचं. तुझ्यासारखं, मिशांसारखं, एकच, की सगळे हसले असते आणि गाठ सुटली असती. मी ब्रश हातात घेऊन उभा राहिलो आणि मला काहीही सुचलं नाही.

म्हातारीच उठली. गुडघ्यावर हात देऊन, सावकाश. म्हणाली, “पूस बाबा. काढ माझं.”

“मावशी, राहू दे.”

“काढ म्हन्ते ना.”

मी मोटर बंद केली. झाकण काढलं. दगडाच्या कडेचं, फटीतलं, नळीतलं, सगळं ब्रशनं झाडून पेपरावर घेतलं. पसाभरच होतं. ते तिच्या डब्यात ओतलं. ब्रशचा आवाज येत होता. तिनं डब्यात वाकून बघितलं, पीठ वरून हातानं सारखं केलं आणि म्हणाली, “आज पुरं आलं.” मग डबा माझ्याकडून डोक्यावर चढवून घेतला. आली होती मागच्या बोळातून. गेली ती समोरच्या रस्त्यानं, भर बाजारातून.

थोरला म्हणाला, “म्हातारीनं लईच मनाला लावून घेतलं.” आणि त्याचं दळण त्यानं स्वतःच ओतलं. आता गंमत ऐक, तुला आवडेल. पुसलेली गिरणी आधी स्वतःचं पोट भरते. पुढच्याचं काही नसतं, तुमचंच राहतं. त्यानं डबा काट्यावर ठेवला, काट्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. “कमी आलं बे.” मी म्हटलं, “उपासाचं कमीच येतं.” हे वाक्य सुचलं, बघ, पण जिच्यासाठी सुचायला हवं होतं ती म्हातारी निघून गेली होती.

दुपारी बोर्ड आला. शिडी मी धरली. त्या दिवसापासून आपल्या तिन्ही वस्त्यांचं दळण येतं, आणि येणारा प्रत्येक जण डबा ठेवताना म्हणतो, “उपासाचं हाय.” वरच्या गल्लीतलं कुणी येतच नाही, पुसायला काही उरलेलं नाही, तरी मी झाकण काढून दोनदा ब्रश फिरवतो, कारण त्याशिवाय त्यांचं समाधान होत नाही. झाडलेलं बाजूला पडतं, प्रत्येकाला पसाभर कमी जातं आणि कुणी भांडत नाही. म्हातारी त्यानंतर आली नाही. मधे तिच्या नातवाला एसटी स्टँडवर विचारलं, “आजी कशी हाय?” तो म्हणाला, “बरी हाय,” आणि इकडंतिकडं बघत बाजूला झाला, माझ्याशी बोलताना त्याला कुणी बघायला नको होतं.

एक गोष्ट मात्र मला कळत नाही. इतकं सगळं होऊनही सकाळी पहिली बाजरी पडायला लागली की हात आपोआप नळीखाली जातो, आणि ऊन पीठ ऊनच लागतं. बरंही वाटतं. मला वाटलं होतं हे तरी बंद होईल.

हे कागद मी कुठं टाकणार? तू असतीस तरी पोरीकडून वाचून घेतले असतेस, आणि पोरीला यातलं काही माहीत नाही. तेव्हा हे घरातच राहतील. वर एवढं सगळं गावाबद्दल, थोरल्याबद्दल, म्हातारीबद्दल लिहीत बसलो, ते एक वाक्य लिहायचं लांबवत होतो म्हणून. धंदा चांगला चाललाय, माय. पूर्वीपेक्षा चांगला.