न दाबलेला कोपरा

मी, खाली सही करणारी, एका मोठ्या दुकानाच्या किमती लावण्याच्या टेबलावरून निवृत्त झालेली विधवा बाई, कोणाच्या धाकाशिवाय, कोणी भरीस न घालता, डोके ठिकाणावर असताना हे मृत्युपत्र लिहीत आहे. गुडघे ठिकाणावर नाहीत, पण कायद्याला त्यांच्याशी देणेघेणे नाही, असे वकीलबाई म्हणाल्या. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. केल्याचा कागद कोणी दाखवला तर तो खोटा समजावा.

कलम १. राहते घर, दोन खोल्या आणि मागची गॅलरी, माझ्या नातीला. तिचे वडील, म्हणजे माझा मुलगा, आज असता तर ते त्याला गेले असते. स्वयंपाकघराची खिडकी फुगली की लागत नाही. ती आधी खालून उचलावी आणि मग ओढावी. तिला रंधा मारू नये. मुलाने एकदा मारला होता, तेव्हा थंडीभर आम्ही फटीत फडकी कोंबत बसलो.

कलम २. बँकेतली शिल्लक, घरातले सगळे सामान आणि माझा निळा कोट माझ्या सुनेला. कोटाची हकिकत इथेच सांगते, कारण पुढच्या भांडणाचे मूळ तीच आहे.

आमच्या टेबलावर एक रीत होती. ज्या वस्तूची किंमत लवकरच आणखी उतरणार, तिच्या स्टिकरचा उजवा खालचा कोपरा आम्ही दाबत नसू. गिऱ्हाइकाच्या ते लक्षातही येत नसे. आमच्यातल्या माणसाला मात्र कळे, की आज घेऊ नये, थांबावे. मी नवी होते, मला हे कोणी सांगितले नव्हते. शेजारी बसणाऱ्या एका अबोल माणसाने माझ्यासाठी म्हणून हा कोट हेरला आणि त्याचा कोपरा सोडून ठेवला. मला वाटले, काय हा गबाळा माणूस! मी अंगठ्याने कोपरा नीट दाबून बसवला. मग उतरवायच्या मालात तो कोट कोणी धरलाच नाही, आणि त्या बिचाऱ्याला तो पूर्ण किमतीला घ्यावा लागला. हे त्याने मला लग्नानंतर कितीतरी वर्षांनी सांगितले. आमच्या संसाराची सुरुवातच अशी पूर्ण किमतीने झाली, पण मला तो कधी महाग पडला नाही.

कलम ३. माझे इंटरनेटवरचे पान. निवृत्तीनंतर घरात बसून मी भिंतींशी बोलू लागले, तेव्हा नातीने ते उघडून दिले. मी त्यावर कोपऱ्याबद्दल लिहिले. ‘शेवटचा नग’ अशी पाटी दिसली तर मागच्या खोलीत चौकशी करावी, असे लिहिले. काचेतल्या पुतळ्याच्या अंगावरचा कपडा उन्हाने एका बाजूला विटतो, म्हणून तो स्वस्तात देतात, पण मागणाऱ्यालाच देतात, हेही लिहिले. सेलच्या चिठ्ठीखाली दुसरी चिठ्ठी असली तर ती नखाने उचलून बघावी. यात चोरी कसली? आम्ही टेबलावरची माणसे आपसात जे सांगत होतो, तेच मी मोठ्याने सांगितले. एका बाईने मला कळवले, ‘ताई, थांबले म्हणून या वेळी मुलाला त्याच्याच मापाचे बूट घेता आले. दरवर्षी वाढत्या मापाचे घेऊन पुढे कापूस कोंबत होते.’ ते वाचून मी रडले.

मग कंपनीची पत्रे सुरू झाली. आधी विनंती, मग ताकीद, मग कोर्टाची भाषा. मी त्यांची गुपिते फोडली म्हणे. अहो, कोपरा न दाबणे हे तुमचे गुपित कसे? तुम्हाला तर ते माझे पान वाचून कळले! त्यानंतर सगळे कोपरे दाबावेत असा हुकूम निघाला. पण अंगठ्याची सवय हुकमाने जात नाही. मी मुद्दाम जाऊन बघून आले.

हे पान मी माझ्या जुन्या टेबलसोबत्याला देते, ज्यांना सगळे डिंकभाऊ म्हणतात. ते कधीच निवृत्त झाले आहेत, त्यांच्याकडून कंपनी आता काय काढून घेणार? पान त्यांनी चालू ठेवावे. त्यात स्वतःच्या कविता घालू नयेत.

कलम ४. माझी सून त्याच दुकानात कपडे विभागाची प्रमुख आहे. साहेब तिला येता-जाता ऐकवतात, ‘सासूबाईंना जरा समजवा.’ तिने मला एका शब्दाने समजावलेले नाही. तरी तिच्या पगारावर हे घर आणि नातीचे शिक्षण चालते, म्हणून मी स्पष्ट लिहिते, की त्या पानाशी माझ्या सुनेचा काडीचाही संबंध नाही. आमचे पटत नाही असेही हवे तर समजावे. संबंध नाही, पटत नाही, एवढेच मुद्दाम सुट्या कागदावर वेगळे लिहिले आहे. तिने तो कागद साहेबांना नेऊन दाखवावा. बाकीची पाने दाखवू नयेत, कारण त्यांत खरे लिहिले आहे.

खरे म्हणजे हे. मुलगा गेला, त्यानंतर माणसे पांगली, तेव्हा मला वाटले आता हीही माहेरी जाईल. तिने येऊन माझ्या हातात टॉवेल दिला आणि म्हणाली, “आई, तोंड धुऊन घ्या, मी भात टाकते.” पोटच्या मुलीनेही याहून जास्त काय केले असते?

कलम ५. कंपनीवर माझा राग नाही असे लिहावे, असे वकीलबाईंनी सुचवले. राग आहे. नवरा मला तिथेच मिळाला, तेवढा वजा करून जो उरतो, तो आहे.

पुरवणी, सही करण्यापूर्वी.

आज आम्ही सगळे सहीसाठी बसलो असताना सून दुकानातून मधूनच उठून घरी आली. तिने टेबलावर एक छापील कागद ठेवला. साहेबांनी दिलेला. माझी स्मरणशक्ती गेली आहे, मी काय लिहिते ते मला कळत नाही, सबब कुटुंबाच्या वतीने ते पान बंद करावे, असा मजकूर होता. खाली तिच्या सहीसाठी जागा होती. सही केली नाही तर उद्यापासून येऊ नका, असे तिला सांगितले होते.

मी म्हणाले, “कर गं सही. मला वेडी ठरवलं तर माझं काय जातंय? पोरीचं शिक्षण व्हायचंय अजून.”

“तुमचं जात नसेल आई, माझं जातं,” ती म्हणाली. मग वकीलबाईंकडे वळली. “माणूस शुद्धीवर आहे, हे कागदावर कोण लिहून देतं?”

“साक्षीदार.”

“मग मी साक्षीदार होते.”

वकीलबाईंनी तिला समजावले, की ज्याला मृत्युपत्राने काही मिळते त्याने साक्षीला राहायचे नसते. राहिले तर त्याचा वाटा जातो. “पैसे, सामान, कोट, सगळ्यावर पाणी सोडावं लागेल तुम्हाला.”

“सोडलं. माझं नाव काढा.”

मी भांडले, हातातले पेन लपवले, रडलेसुद्धा. ती ऐकेना. शेवटी नात म्हणाली, “आजी, दे ना पेन.”

तेव्हा कलम २ मधले सुनेचे नाव खोडले आहे. ते सर्व आता नातीला. आता असले खोटे कशाला, म्हणून कलम ४ चा सुटा कागद मी फाडला होता, पण सुनेने तो चिकटवून परत इथे लावला. तिची नोकरी राहते की जाते, हे आज कोणालाच सांगता येत नाही. या मृत्युपत्राने माझ्या सुनेला काहीही मिळत नाही.

स्थळ: आमच्या घरातले जेवणाचे टेबल.
दिनांक: वकीलबाईंनी शिक्क्यात घातला आहे तो.

(सही) मृत्युपत्र करणारी

साक्षीदार पहिला: (सही) खालच्या मजल्यावरचा इस्त्रीवाला. बाईंनी माझ्यासमोर सही केली.

साक्षीदार दुसरी: (सही) सून, कपडे विभागप्रमुख. यांनी माझ्यासमोर सही केली. या पूर्ण शुद्धीवर आहेत. मी यांच्याबरोबर राहते, मला माहीत आहे.