पहिला चुडा

केदारखेडा,
दि. ३ जुलै

तीर्थरूप अक्कास,
पुंजारामाचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. इकडं पेरणी आटोपली, कापूस बोटभर वर आलाय. लेक गेल्यापासून पुष्पा जेवते, पण आठवण करून दिल्यावर. परवा फोनवर तू विचारलंस तेव्हा सगळं ठीक म्हणालो, कारण आमचा हरिओम शेजारीच बसला होता. दोन खोल्यांच्या घरात फोनवर काय बोलणार? म्हणून लिहितो.

नर्सिंगची परीक्षा देऊन अर्पिता गावी यायला निघाली आणि त्या बसस्थानकावर स्फोट झाला. त्यानंतर घरी किती माणसं आली ते तू पाहिलंस. पुढारी आले, मेणबत्त्या लागल्या. आता कोणी येत नाही, फक्त बद्रीनाथ येतो. हा तुला माहीत नाही. जालन्याहून मोटारसायकलवर येतो, फार गोड बोलतो. पहिल्या दिवशी अर्पिताच्या फोटोपुढं बसून तो रडला, अक्का. लेकीसाठी रडणाऱ्याला येऊ नको कसं म्हणावं? तो हरिओमला मोबाइलवर सारखं काहीतरी पाठवतो. हरिओमनं कॉलेज सोडलं. आमच्याशी बोलत नाही. बोललाच तर विचारतो की तुम्ही रडण्यापलीकडं काय केलं?

मागच्या आठवड्यात तपासाचे साहेब येऊन गेले. बॅग ठेवणारा पोरगा एकवीस वर्षांचा, म्हणे. त्याचा भाऊ कुठल्याशा दंगलीत मेला होता. मग कोणीतरी त्याच्या घरी यायला लागलं, गोड बोलायला लागलं, मोबाइलवर दाखवायला लागलं. साहेब सहज सांगत होते. माझ्याच्यानं पुढचा चहा पिणं झालं नाही. आपला हरिओम वीस वर्षांचा आहे.

आता पंचमी जवळ आली. आपल्या गावची रीत तुला ठाऊक आहे. ज्या घरात वर्षभरात माणूस गेलं, त्या घरच्या बाईला हुसेनाबी मणेरीण पंचमीआधी स्वतः येऊन चुडा भरते, मगच बाकीच्या बाया हात पुढं करतात. यंदा पोरांनी स्टँडवर बॅनर लावलाय की त्यांच्या हातच्या बांगड्या कोणी भरायच्या नाहीत. बॅनरवर अर्पिताचा फोटो आहे. फोटो मीच दिला. श्रद्धांजलीला पाहिजे म्हणाले होते.

जास्त काय लिहू? तुझ्या या धाकट्या भावावर नजर असू दे.

तुझा
पुंजाराम


तीर्थपुरी,
दि. ९ जुलै

चि. पुंजारामास,
प्रभावतीचे अनेक आशीर्वाद.

लहानपणी तुला विंचू चावला तेव्हा तू दिवसभर सांगितलं नव्हतंस. सुजलेला पाय पाहून आईनं ओळखलं. आता डोक्याचे केस पिकले तरी तीच खोड. एवढं मोठं पत्र लिहिलंस आणि पुष्पा काय म्हणते याची एक ओळ त्यात नाही. तू तिला विचारलंच नसशील. मी पैज लावते.

राग मलाही येतो. ज्यांनी हे केलं त्यांना जन्मभर उजेड दिसू नये, असंच मला वाटतं. त्यात हुसेनाबी कुठं आली? अर्पिताला पाळण्यात काळ्या बांगड्या तिनंच घातल्या ना?

आणि तो बद्रीनाथ रडला म्हणून आपला होत नाही. दुःखाच्या घरी माणूस काय घेऊन आलं ते बघावं. अर्पिता गेली त्या दिवशी चूल बंद होती, तर शेजारचे पिठलं-भाकरी घेऊन आले. यानं काय आणलं?

हरिओमला व्याख्यान देऊ नको, तुला जमायचंही नाही. पण एकटा सोडू नको. फवारणीला सोबत ने, घाम निघू दे. माझे गुडघे बसमध्ये चढू देत नाहीत. चतुर्थीचा भावाचा उपास इथूनच धरीन. मी उपाशी राहायचं आणि तू तोंडही उघडायचं नाही, हा कुठला न्याय?

पुष्पाला जवळ घेतलं म्हणून सांग.

तुझी
अक्का


केदारखेडा,
दि. १९ जुलै

तीर्थरूप अक्कास,
सा. न. वि. वि.

घाईत लिहितो. तुझं ऐकून हरिओमला फवारणीला नेलं. पंप काढायला अवजारांच्या कोठ्यात गेलो तर मागं पोत्याखाली बाटली सापडली. पेट्रोलची. तोंडाला चिंधी बांधलेली. मी ती परत तिथंच ठेवली आणि दिवसभर त्याच्यासोबत फवारलं.

संध्याकाळी तो गोठ्यामागं फोनवर बोलत होता. चतुर्थीला, अंधार पडल्यावर, मणेरणीचं घर. कोणाला मारायचं नाही, नुसती भीती घालायची, असं त्याला सांगितलेलं दिसतं. अक्का, त्या घरावर पत्रे आहेत आणि दार एकच.

पोलिसात सांगू तर पोरगं जातं. न सांगू तर दुसऱ्याची लेकरं जातात. जेवताना तो समोर येतो तेव्हा त्याचं तोंड बघवत नाही, कारण ते अगदी अर्पितासारखं आहे.

पुष्पाला सांगितलं नाही. तिला अजून किती सांगू? उत्तर जल्दी दे.

पुंजाराम


तीर्थपुरी,
दि. २३ जुलै

चि. पुंजारामास आशीर्वाद.

फोन लावला तर हरिओमनंच उचलला, म्हणून शेजारच्या रखमाजीच्या हाती हे पाठवते. तो बैल बघायला भोकरदनला निघालाय.

पुष्पाला सांग. आजच सांग. लेकरू तिचंही आहे. तू एकटा गप्प बसून कोणाला वाचवणार?

अक्का


केदारखेडा,
दि. १ ऑगस्ट

तीर्थरूप अक्कास,
सा. न. वि. वि.

तू आजच सांग म्हणालीस, पण मी चतुर्थीच्या दुपारपर्यंत गप्पच होतो. मग पुष्पाला कोठ्यात नेऊन बाटली दाखवली. ती ओरडली नाही. कधीपासून ठाऊक आहे, एवढंच विचारलं. मी सांगितलं. तिनं लुगडं बदललं, अंथरुणाची वळकटी काखेत मारली आणि भर उजेडात चावडीवरून हुसेनाबीच्या घरी निघाली. वाटेत भेटेल त्याला सांगत गेली की आज मी मणेरणीकडं मुक्कामाला चालले, आमच्या हरिओमला तेवढं कळवा.

हुसेनाबी घाबरून गेली. हात जोडून म्हणाली की बाई, तुम्ही घरी जावा, तुमच्यापायी आम्हाला अजून त्रास होईल. पुष्पा म्हणाली की त्रास माझ्याच घरून यायचा आहे, आला तर मी त्याला ओळखीन.

इकडं हरिओमनं माझ्यासमोरच बद्रीनाथला फोन लावला. आई तिथं आहे म्हणाला. पलीकडून काय उत्तर आलं ते त्यानं नंतर सांगितलं. काही निमित्त काढून तिला बाहेर काढ, आणि नाहीच निघाली तर ती त्यांची झाली असं समज. हरिओमनं फोन बंद केला आणि उंबऱ्यावर बसला, तो सकाळपर्यंत तिथंच. मी बाटली उकिरड्यावर रिकामी केली.

पंचमीला पुष्पानं तिथंच चुडा भरला. तिच्यामागं गावातल्या दोघीच गेल्या. बाकीच्यांनी भोकरदनहून बांगड्या आणल्या. बॅनर काढायला मी स्टँडवर गेलो तर पोरं म्हणाली, काका, अर्पिता आता एकट्या तुमची न्हाई राह्यली. मी विळ्यानं फोटोपुरतं कापून घेतलं. कोणी हात धरला नाही, पण कोणी मदतीलाही आलं नाही. खालची अक्षरं अजून तशीच आहेत.

पुष्पा सणानंतरही घरी येईना. हरिओमनं काय करायचं ठरवलं होतं ते त्यानं स्वतः येऊन हुसेनाबीला तोंडानं सांगावं, तेव्हाच येईन, असा तिचा निरोप. काल तो गेला. आत काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. परत आले तेव्हा पुष्पा पुढं होती आणि वळकटी त्याच्या खांद्यावर.

मला वाटलं, संपलं. पण आज जेवताना हरिओम म्हणाला की बद्रीनाथची गाडी आता गावातल्याच साहेबरावाच्या दारात उभी असते. साहेबरावाच्या पोराचा मामेभाऊ त्याच स्फोटात गेला. अण्णा, उद्या पोलीस ठाण्यात जाऊ, मला म्हणाला. बद्रीनाथनं काय काय पाठवलं ते सगळं मोबाइलमध्ये आहे, दाखवतो, बाटलीचंही सांगतो.

मी हो म्हणालो. पुष्पानं उठून त्याचा एक जास्तीचा शर्ट घडी करून पिशवीत घातला.

घरी पाठवतील की ठेवून घेतील, माहीत नाही. एक लेकरू गेलं आणि राहिलेल्याला मी आपल्या पायांनी नेऊन देतोय, अक्का. बराबर करतोय का, ते तू समोर बसून सांग. हे पत्र सकाळच्या पहिल्या बसच्या कंडक्टरच्या हाती देतो. रखमाजीला घेऊन ये, गुडघ्यांचं इथं बघू. उद्या दिवसभर पुष्पा घरात एकटी आहे.

तुझ्या मायेच्या भरवशावर असलेला,
पुंजाराम