बोअरचं पाणी

मुर्री, ता. जि. गोंदिया
रविवार, ९ मार्च २००३

चि. स्नेहल,

सप्रेम जय भीम. आम्ही दोघं बरे आहोत. आईचा गुडघा आता दुखत नाही. शेजारच्या उदारामकडे फोन लागला, नंबर मागच्या बाजूला लिहिला आहे.

दिवाळीपासून तुझं पत्र नाही. आई रोज विचारते, "पोरगी काऊन लिहून नाही राहिली?" मी म्हणतो, अभ्यास असेल.

आज कॉलेजातली एक गोष्ट लिहितो. आमच्या नीतू मॅडम धानाच्या पानावर पीएच.डी. करतात. विषय तुला माझ्यापेक्षा लवकर समजेल, पण मला समजला तसा सांगतो. बांधीत पाणी कमी पडलं की पानाला कळतं आणि ते आपली बारीक भोकं मिटून घेतं. हा निरोप पेशीच्या आत पोचतो कसा? पेशीभोवती तेलकट पडदा असतो. फॉस्फोलायपेज नावाचं एन्झाइम त्या पडद्यातला एक कण कापतं, आणि तो कापलेला कणच आत निरोप घेऊन जातो. पण ते सदा कापतच राहिलं तर पडदा टिकणार नाही. म्हणून त्याला आवर असतो. कॅल्शियम वाढलं की ते कामाला लागतं, कमी झालं की थांबतं.

मॅडमला दाखवायचं होतं, की कॅल्शियम नसलेल्या नळीत ते गप्प बसतं. पण ते गप्प बसेना. चार महिने त्यांनी तेच तेच केलं. शेवटी त्यांचे सर म्हणाले, विषय बदला.

त्या दिवशी मॅडम स्टुलावर डोकं धरून बसल्या होत्या. मी विचारलं, "मॅडम, काऊन होऊन राहिलं असं?"

"कुठून तरी कॅल्शियम येऊन राहिलं, भाऊ. मी सगळं तपासलं."

"ते कायच्यात असते?"

"किती तरी गोष्टींत. बोअरच्या पाण्यात तर भरपूर. भांड्यावर पांढरं बसते ना, ते."

स्नेहल, माझ्या हातातला ब्रश तसाच राहिला.

दिवाळीत डिस्टिल्ड वॉटरच्या मशीनची कॉइल जळाली होती. जे पाणी शिल्लक होतं ते मॅडमच्या औषधांना पुरावं म्हणून नळ्यांचं शेवटचं धुणं मी बोअरच्या पाण्यानं करू लागलो. मॅडमनी विचारलं होतं, "शेवटचं पाणी डिस्टिल्डच ना, भाऊ?" मी हो म्हणालो.

खोटं कायले बोललो? त्याच आठवड्यात तू मला न सांगता लॅबच्या दारात आली होतीस. मी मोरीपाशी नळ्या घासत होतो. तुला मी कायम सांगत आलो, की मी मॅडमसोबत प्रयोग करतो. तू पाहिलंस आणि पाठ फिरवून गेलीस. मीही हाक मारली नाही. तुझ्या नजरेतून उतरलो होतो, आता मॅडमसमोर तरी चूक निघू नये, एवढंच डोक्यात होतं.

दोन दिवस मी हे लपवून ठेवलं. तिसऱ्या दिवशी मॅडमला सगळं सांगितलं. त्यांनी स्कूटीची चावी घेतली आणि गेल्या. मला वाटलं, आता नोकरी गेली.

दुसऱ्या दिवशी त्या बॅटरीवाल्याच्या दुकानातून डिस्टिल्ड वॉटरचे चार कॅन घेऊन आल्या. म्हणाल्या, "चला, सगळं पुन्हा धुऊ." आम्ही दोघांनी दोनशे नळ्या आधी ॲसिडनं, मग त्या पाण्यानं धुतल्या. मध्येच त्या म्हणाल्या, "चार महिने, भाऊ." त्यांनी पुढची नळी माझ्या हातात दिली.

परवा त्यांनी मला मोजायच्या मशीनपाशी बोलावलं. "बघा, काहीच नाही." खरंच काही नव्हतं. मग मोजून कॅल्शियम टाकलं आणि काटा सरकला. मॅडम हसल्या. त्यांना हसताना मी या वर्षात पहिल्यांदा पाहिलं. सर म्हणाले, विषय हाच राहू दे. डिस्टिल्ड वॉटरच्या मशीनची कॉइलही आली. नळ्या कशा धुवायच्या ते मॅडमनी माझ्याकडूनच कागदावर लिहून घेतलं आणि भिंतीला चिकटवलं.

तर बाळ, मी प्रयोग करत नाही. मी भांडी धुतो. तुझ्या मनात मोठा राहावा म्हणून ते लपवलं, आणि त्यानंच तुला दुखवलं. हे मी तुला सांगायला पाहिजे होतं, दारात तू उभी राहण्याच्या आधी.

१९ तारखेला, बुधवारी, मॅडम तिकडे नागपूरला प्राध्यापकांसमोर आपलं काम वाचणार आहेत. "तुम्हीही चला," म्हणाल्या. आईनं तुझ्यासाठी तांदळाच्या पिठाचे तळलेले मुरकू डब्यात बांधून द्यायचं ठरवलं आहे. अकरा वाजता मी तुझ्या होस्टेलच्या फाटकापाशी येईन. तुला बाहेर यायचं नसेल तर डबा चौकीदाराकडे ठेवून जाईन, राग धरणार नाही. पण आलीस, आणि सोबतच्या मैत्रिणींनी विचारलं, हे कोण, तर आहे तसं सांग. मी बाजूलाच उभा राहून ऐकीन.

तुझा बाप,
भोजराज
लॅब अटेंडंट