फलकावरील ‘तोफची’ हा शब्द काढून टाकण्याबाबत

दिनांक : ६ जानेवारी २०२६

प्रति,
मा. ग्रामपंचायत अधिकारी,
ग्रामपंचायत खारकोंड,
ता. अलिबाग, जि. रायगड.

अर्जदार : रावजी भागोजी तांबे, वय ५४, काम बंगल्यावर वॉचमन, रा. बुद्धवाडी, खारकोंड.

विषय : गावच्या सैनिक सन्मान फलकावर अर्जदाराच्या मुलाच्या नावापुढे लिहिलेले काम खोटे असल्याने ते बदलून मिळण्याबाबत.

संदर्भ : १) फलक उभारण्याचा ग्रामसभेचा ठराव, दि. १५ ऑगस्ट २०२५.
२) अर्जदाराने स्वतःच्या हाताने भरून दिलेली माहितीची चिठ्ठी, दि. २० ऑगस्ट २०२५.

महोदया,

येत्या प्रजासत्ताकदिनी उघडायच्या फलकावर चौथ्या ओळीत ‘प्रितम रावजी तांबे, तोफची’ असे रंगवले आहे. प्रितम हा अर्जदाराचा मुलगा. तो तोफखान्याच्या एका रेजिमेंटमध्ये आहे, हे खरे आहे. पण तो तोफेवर नाही. तो तिथे स्वयंपाकी आहे. यात रंगाऱ्याची चूक नाही आणि कार्यालयाचीही नाही. चिठ्ठीत होते ते रंगवले गेले.

१. अर्जदाराचे वडील भागोजी यांनी सतरा वर्षे फौजेत बंदूक धरली. अर्जदार स्वतः १९९१ साली अलिबागच्या भरतीला गेला होता. धावण्यात पास झाला, छातीत नापास. साहेब म्हणाले, फुगव. हवी तेवढी फुगली नाही. घरी येऊन सांगितले की एक कागद कमी पडला. वडील वारले तरी खरे सांगितले नाही. म्हणजे आताचे खोटे हे अर्जदाराचे पहिले नव्हे.

२. प्रितमने भरतीचा फॉर्म भरला तेव्हा त्यात जनरल ड्युटी, क्लार्क, टेक्निकल, ट्रेड्समन असे प्रकार होते. त्याने ट्रेड्समन, म्हणजे स्वयंपाक, धुलाई अशा कामांचा प्रकार निवडला. अर्जदाराला वाटले, पोरगा धावायला घाबरला. पण मैदानात तो पहिल्या गटात आला. मग त्याला विचारले तेव्हा म्हणाला, “बाबा, बंदूक तिथं सगळ्यांनाच शिकवतात, मलाही शिकवतील. शंभर माणसांचा भात एकदम उतरवायला मला आईनं शिकवलंय.” पुढे प्रशिक्षण केंद्रात स्वयंपाक कोणाला येतो असे विचारल्यावर त्याने हात वर केला. हेच अर्जदाराला फार लागले. ते काम गळ्यात पडले असते तर चार लोकांत तसे सांगता आले असते. त्याने ते मागून घेतले.

३. अर्जदाराची पत्नी कमळाबाई गावच्या शाळेत मुलांचा आहार शिजवायची. ती कामावर लागली त्या वर्षी काही घरांनी मुलांना डबे द्यायला सुरुवात केली होती. का, ते अर्जात लिहिण्याची गरज नाही. कमळाबाई कोणाला बोलली नाही. ती रोज पटावरच्या सगळ्या शंभर मुलांचाच भात टाकायची आणि उरला तर तसा वहीत लिहायची. तिसऱ्या वर्षी डबे बंद झाले. प्रितम सुटीत तिच्या हाताखाली असायचा. त्याने पहिल्या सुटीवर येऊन सांगितले की फौजेत जेवण आधी साहेब चाखतात आणि मग सगळे जेवतात. तेव्हा तिने त्याला तीनदा विचारले, “आधी साहेब? तुझ्या हातचं?” नंतर दिवसभर ती घरात गुणगुणत होती. वाडीत सांगायला निघाली, तेव्हा अर्जदाराने तिला दारात अडवले.

४. खोट्याची सुरुवात सदूच्या चहाच्या टपरीवर झाली. सदूने विचारले, “प्रितम कशात?” अर्जदार म्हणाला, तोफखान्यात. सदू म्हणाला, “म्हंजे तोफ चालवतो?” अर्जदाराने मान हलवली. तोंडाने खोटे बोललो नाही, अशी मनाची समजूत घातली. मागच्या उन्हाळ्यात सीमेवर गोळीबार चालू होता तेव्हा लोक घरी येऊ लागले. प्रितमने किती गोळे टाकले, असे विचारू लागले. अर्जदाराने पहिल्या दिवशी चाळीस सांगितले, दुसऱ्या दिवशी सत्तर. एवढ्या आवाजाने कानाला त्रास होत असेल, असे कोणी म्हणाले. त्यावर अर्जदाराच्या तोंडून निघून गेले की डाव्या कानाने त्याला थोडे कमी ऐकू येते. त्यानंतर तरुण मंडळाने फलकाशेजारी ठेवण्यासाठी सांडपाण्याच्या पाइपची तोफ करून तिला काळा रंग दिला. मुलांनी मन लावून केली आहे. त्या तोफेबद्दल अर्जदाराची काही तक्रार नाही.

५. माहितीची चिठ्ठी भरताना कमळाबाई शेजारी बसली होती. ती म्हणाली, “स्वयंपाकी लिवा. अक्षर चांगलं काढा.” अर्जदाराने कागदावर हात आडवा धरून लिहिले. तिला वाचता येत होते.

६. सप्टेंबरात कमळाबाईला दवाखान्यात ठेवले होते. शेजारच्या खाटेवरच्या बाईने तिला विचारले, मुलगा काय करतो? कमळाबाईने अर्जदाराकडे पाहिले आणि म्हणाली, “यांना इचारा.” तिथे गावचे कोणी नव्हते. ती बाई कुठली, तेही माहीत नव्हते. तिला खरे सांगून काही बिघडणार नव्हते. अर्जदार म्हणाला, “तोफेवर आहे.” कमळाबाईने भिंतीकडे तोंड केले. चार दिवसांनी ती गेली. त्या चार दिवसांत ती पाणी मागायची, चादर ओढून घ्यायला सांगायची. मुलाचा विषय तिने पुन्हा काढला नाही.

७. प्रितम आला. वाडीतले लोक त्याला भेटायला यायचे, तेव्हा त्याच्या उजव्या बाजूला जाऊन कानाशी ओरडून बोलायचे. आई गेलेल्या मुलाच्या कानात लोक ओरडत होते आणि तो मागे सरकत होता. असे का करतात, ते त्याला साक्षीने, म्हणजे त्याच्या बहिणीने सांगितले. आईच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी दोनशे माणसांचा स्वयंपाक त्याने एकट्याने रांधला. ज्या घरांनी एके काळी डबे दिले होते त्या घरांतलेही जेवले. पंगतीत कोणीतरी म्हणाले, “तोफेवरचा गडी, पण हात बघा कसा सराईत.” प्रितम वाढता वाढता थांबला आणि अर्जदाराकडे पाहू लागला. एका शब्दाचे काम होते. अर्जदार पाण्याचे पिंप भरायला उठून गेला. पिंप भरलेले होते.

८. तेव्हापासून प्रितम अर्जदाराला फोन करीत नाही. साक्षीला करतो. त्याला २० जानेवारीपासून सुटी मंजूर आहे. त्याने तिच्याकडे निरोप दिला आहे की फलकावर तसेच असेल तर तो गावी येणार नाही, आईच्या फोटोला तिथूनच हात जोडेल. तो रागाने बोलला का, असे अर्जदाराने विचारले. साक्षी म्हणाली, नाही, साधेच बोलला.

तरी विनंती अशी की,

(अ) ‘तोफची’ हा शब्द काढून तिथे ‘स्वयंपाकी’ लिहावे. अक्षर इतरांएवढेच मोठे असावे. रंगारी म्हणतो की खालचा शब्द पुसट दिसत राहील. दिसू द्यावा.

(ब) फलकावर सर्वांच्या नावापुढे वडिलांचे नाव आहे. चौथ्या ओळीत अर्जदाराचे नाव काढून आईचे घालावे. ‘प्रितम कमळाबाई तांबे, स्वयंपाकी’ असे. फलकाच्या नियमात बसत नसेल तर यासाठी नियम शिथिल व्हावा. त्याला काम तिने शिकवले आहे.

(क) हा अर्ज फाइलला न लावता २६ तारखेच्या ग्रामसभेत मोठ्याने वाचावा. सातवा परिच्छेद गाळू नये. प्रितमचे दोन्ही कान चांगले आहेत, हेही सांगावे.

अर्जात ‘मी’ लिहायला हवे होते. तीनदा तसा लिहायला घेतला आणि दवाखान्याच्या मजकुरापाशी येऊन फाडला. ग्रामसभेत वाचून झाल्यावर कोणी विचारील की हा अर्जदार कोण, तर मी तिथेच असेन. उभा राहीन.

आपल्या दारात मान खाली घालून आलेला,

(सही)
रावजी भागोजी तांबे

सोबत :
१) प्रितमच्या नोकरीच्या दाखल्याची प्रत. त्यात काम स्वच्छ लिहिलेले आहे.
२) कमळाबाईची शाळेतल्या आहाराची वही, एक. मूळ प्रत आहे. पाहून झाल्यावर परत मिळावी.