हळद लावलेली चिमणी

मंगळवार, गाझियाबाद

आज बाळ बघायला सगळ्यात आधी आल्या खालच्या सावंतबाई, मागून त्यांची नणंद. नणंद टेकायच्या आतच म्हणते, "अगं बाई, बाळ पिवळं दिसतंय!" झालं! सूनबाईचा, मेघाचा, चेहराच उतरला. आधीच मायलेकीचं रक्त जुळेना म्हणून चिमणीला, माझ्या नातीला, पोटात असतानाच दोनदा नाळेतून रक्त चढवलेलं. जन्मल्यावर कावीळ, निळ्या दिव्याखाली ठेवलेली. आता पुन्हा पिवळी म्हणजे... मेघा डॉक्टरला फोन लावायला धावली.

सांगू की नको? शेवटी म्हटलं, "थांब गं. अंगाला लावायच्या पिठात मीच चिमूटभर हळद घातली."

"आई! नको म्हटलं होतं ना!"

ओल्या फडक्याने गाल पुसला तर पिवळं सगळं फडक्यावर, खाली माझी गुलाबी चिमणी! सावंतबाई हसून हसून लोळल्या. "बिल्कुल नवरी!" मेघा रडता रडता हसली. फोन मात्र केलाच तिने, बरं केलं. पिवळेपणा बघत राहा म्हणतात डॉक्टर, आणि मी वर हळद फासतेय. चुकलंच माझं.

शुक्रवारी रक्त तपासायचंय, ते नीट आलं तरच रविवारी बारसं. सावंतबाई म्हणाल्या, "बारसं असो नसो, रविवारी आम्ही येणार."