आंबट-काळ्या द्राक्षांची बाग

नाउसा, २ मार्च १९७०

चि. स्तेर्गियोस यास,
अ. उ. आ.

छाटणी आज आटोपली. बोटं इतकी आखडलीत की पेन धरवत नाही. अक्षराला हसू नकोस. तू म्हणतोस तेच करू या. बाबांची बाग उपटू आणि पीच लावू.

दमले रे. या क्सिनोमाव्रो द्राक्षाच्या नावातच आंबट आणि काळं, स्वभाव त्याहून वाईट. जरा हात सैल सोडला की वेल माजते, घडांचा खच पाडते, आणि वाइन निघते फिकी, दात आंबवणारी. घड कमी करावेत, तर उरलेले पिकायला ऑक्टोबर उजाडतो, तेवढ्यात पाऊस येऊन ते कुजवतो. शेजारच्या थोमासने पीच लावले. त्याची बायको आता दुपारची झोपते.

निम्मी बाग तुझ्या नावावर आहे. होकार कळव. प्रकृतीला जप, माया आहेच.

तुझी ताई,
इव्हान्थिया

श्टुटगार्ट, २२ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

उपटू नकोस! काल वसतिगृहात तू पाठवलेली जुनी बाटली उघडली. कौलासारखा रंग बघून कारखान्यातली पोरं म्हणाली, हा तुमच्या गावचा चहा का? मग पेल्यातून गच्चीवर वाळणाऱ्या टोमॅटोंचा वास आला, ऑलिव्हचा आला. पहिल्या घोटाला तोंड आवळलं, आणि मग ती चव जाईचना. सगळ्यात जास्त चेष्टा करणाऱ्या कोस्मासने पेला पुन्हा पुढे केला.

पीच लाव असं मीच म्हणत आलो, खरं. आता नको. तोडणीच्या आधी मी कायमचा परत येतो. तोवर सांभाळ, आणि रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.

तुझा,
स्तेर्गियोस

नाउसा, ९ एप्रिल

चि. स्तेर्गियोस यास,
अ. उ. आ.

एका बाटलीवर विरघळलास! ती मऊ झाली वर्षानुवर्षं तळघरात पडून. पहिल्या वर्षी दिली असती तर थुंकला असतास.

तरी ट्रॅक्टरवाल्या पास्खालिसला थांबवलं आहे. तो म्हणाला, तुझा भाऊ येईपर्यंत माझा ट्रॅक्टर गंजेल. मी त्याच्यावर ओरडले, पण मनातून धसका घेतला. ये बाबा. पत्रांनी घड उतरत नाहीत.

वाट पाहणारी,
ताई

श्टुटगार्ट, ३० सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मी येत नाही. इथल्या उर्सुलाशी मी लग्न केलं आहे. हिवाळा सरता सरता बाळ होईल. तिला म्हटलं, नाउसाला चल. ती म्हणाली, तुझ्या बहिणीची पत्रं तूच वाचून दाखवतोस, तसे आखडलेले हात मला नकोत. राग आला, आणि तरी हे पत्र लिहायला बसलो.

उपट ती बाग. माझा होकार समज. शक्य असेल तर माझ्यावरचा जीव तेवढा ठेव.

स्तेर्गियोस

नाउसा, २९ नोव्हेंबर

चि. स्तेर्गियोस आणि चि. सौ. उर्सुला यांस,
अ. उ. आ.

शेवटची तोडणी थोमासच्या बायकोने आणि मी केली. मग पास्खालिस आला. मुळं निघता निघेनात. तो घामाघूम होऊन म्हणाला, ही बाग तुझ्यापेक्षा हट्टी आहे. मी खुर्ची टाकून बघत होते. रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. नुसतं अंग हलकं झालं, आणि त्याचीच लाज वाटली.

पीच मी लावलेले नाहीत. जमीन थोमासला कसायला दिली. बाग होती तोवर गावाबाहेर एक रात्र काढली नाही. आता उर्सुलाच्या बाळंतपणाला घरचं कुणी नको का? तिकीट काढलं आहे. तिने माझ्या हातांना भिऊ नये. बाळाला घेताना मी लोकरीची शाल मध्ये धरीन.

तारीख मागाहून कळवते. स्टेशनवर वेळेत ये रे. गाडीतून कुठल्या बाजूने उतरायचं तेही मला माहीत नाही.

तुमची,
ताई